पीसीओएस आणि दिवस राहणं: काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

आधी दीड वर्ष पाळी आणायच्या गोळ्या, मग पाच-सहा महिने एग (स्त्रीबीज) तयार व्हायच्या गोळ्या, मग डॉक्टर बदलणं, आणि त्यानंतर कधीतरी नवऱ्याची वीर्य तपासणी. पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे बीज नियमित न सुटण्याचा अंडाशयाचा विकार) असलेल्या जोडप्यांच्या फायलींत हा क्रम वारंवार दिसतो आणि तो जवळजवळ उलटा आहे. खाली योग्य क्रम दिला आहे. औषधांचे डोस तुम्हाला तुमचं प्रिस्क्रिप्शन समजावं म्हणून दिले आहेत. मेडिकलमधून स्वतः आणून सुरू करण्यासाठी ते नाहीत.

आधी एक गैरसमज बाजूला काढा

पाळी येणं आणि बीज सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीसीओएसमध्ये अंडाशयात बरेच फॉलिकल (बीज असलेल्या पाण्याच्या बारीक पिशव्या) वाढायला लागतात, पण काही मिलिमीटरवरच अडकतात. त्यातला एकही पुढे जाऊन फुटत नाही. सोनोग्राफीत ज्यांना 'गाठी' म्हटलं जातं, त्या म्हणजे हेच अडकलेले फॉलिकल. ते काढून टाकायचे नसतात. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन (बीज सुटल्यानंतर अस्तर सांभाळणारं संप्रेरक) तयार होत नाही, गर्भाशयाचं अस्तर नुसतं जाड होत राहतं आणि कधीतरी स्वतःच्याच भाराने ढासळून रक्तस्राव होतो. गोळ्यांनी आणलेल्या पाळीतही अस्तरच गळून पडतं, बीज सुटलेलं नसतं.

त्यामुळे 'आता पाळी रेग्युलर झाली, तरी दिवस का राहत नाहीत' या प्रश्नाला आधी एकच उलटा प्रश्न विचारायचा: बीज सुटल्याचा पुरावा कुठे आहे? पुढचे सगळे टप्पे याच प्रश्नाभोवती फिरतात.

टप्पा १: निदान पक्कं करा

नुसत्या सोनोग्राफीच्या कागदावर 'पीसीओडी' (पीसीओएसचंच प्रचलित नाव) लिहिलं म्हणजे निदान झालं असं नाही. प्रौढ स्त्रीत तीनपैकी दोन गोष्टी लागतात.

१. पाळीची अनियमितता: दोन पाळ्यांमध्ये ३५ दिवसांपेक्षा जास्त किंवा २१ पेक्षा कमी अंतर, किंवा वर्षात ८ पेक्षा कमी पाळ्या.
२. पुरुषी संप्रेरकं वाढल्याची खूण: हनुवटी, छाती, पोटावर जाड केस, हट्टी मुरुमं, टाळूवरचे केस विरळ होणं, किंवा रक्तात वाढलेलं टेस्टोस्टेरॉन.
३. सोनोग्राफीत एका अंडाशयात २० किंवा जास्त फॉलिकल, किंवा अंडाशयाचा आकार १० मिली किंवा त्याहून मोठा. २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार सोनोग्राफीऐवजी वाढलेलं एएमएचही (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) चालतं.

केसांचा मुद्दा डॉक्टरांना तोंडाने सांगा. थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग करून गेलात तर त्यांना काहीच दिसणार नाही आणि एक निकष कागदावर येणारच नाही.

यासोबत टीएसएच, प्रोलॅक्टिन आणि १७-ओएच प्रोजेस्टेरॉन या तपासण्या हव्यात. थायरॉइड, वाढलेलं प्रोलॅक्टिन आणि अॅड्रिनल ग्रंथीचा एक आनुवंशिक विकार, या तिन्हींमुळे पाळी लांबते आणि तिन्हींचे उपचार निराळे असतात. पाळी महिनोन्महिने येत नसेल तर एफएसएच आणि एस्ट्रॅडिऑल (अंडाशय नीट काम करतं का ते दाखवणारी संप्रेरकं) हेही बघतात.

*तपासून घ्या:* गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉन तपासलं तर आकडा खोटा दिलासा देतो. त्या बंद करून साधारण तीन महिने झाल्यावरच ही तपासणी करतात.

एएमएच जास्त आलं म्हणून 'बीजं भरपूर आहेत, घाई नाही' असा अर्थ काढू नका. एएमएच संख्या सांगतं. बीजाचा दर्जा वयावर ठरतो आणि पीसीओएस त्याला अपवाद नाही.

टप्पा २: दोघांच्या तपासण्या एकाच महिन्यात

वीर्य तपासणी पहिल्याच महिन्यात. ती स्वस्त आहे, एका दिवसात होते, आणि तिच्या निकालावर पुढची सगळी दिशा बदलू शकते. तरीही घराघरात ती शेवटी ढकलली जाते, कारण 'दोष हिचा आहे हे तर कळलंय'. पीसीओएस सापडला म्हणून दुसरं कारण नसेलच असं शरीर काही लिहून देत नाही.

नमुना देताना:
- आधी २ ते ७ दिवस वीर्यपतन नको. दहा-बारा दिवस 'साठवून' दिलेला नमुना चांगला नसतो, त्यात हालचाल कमी भरते.
- शक्यतो लॅबमध्येच द्या. घरी घेतला तर शरीराच्या उबेत ठेवून, म्हणजे शर्टाच्या आतल्या खिशात, तासाभरात पोचवा.
- साधा कंडोम, तेल, साबण, थुंकी यांतलं काही वापरू नका. नमुन्याचा पहिला भाग सांडला असेल तर तसं सांगा, शुक्रजंतूंचा मोठा वाटा त्यातच असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या खालच्या संदर्भ-मर्यादा अशा: प्रमाण १.४ मिली, संख्या प्रति मिली १.६ कोटी, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, नॉर्मल आकाराचे ४ टक्के. शेवटचा आकडा बघून दचकू नका, ४ टक्के ही नॉर्मलचीच खालची सीमा आहे. रिपोर्ट बिघडलेला आला तर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा करा, कारण नवे शुक्रजंतू तयार व्हायला सव्वादोन-अडीच महिने लागतात. मधल्या काळात आलेला तापही आकडे पाडतो.

*इशारा:* जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली जात असतील तर डॉक्टरांना सांगा. त्याने शुक्रजंतू तयार होणं थांबतं, कधी संख्या शून्यावर येते. 'ताकदीसाठी' म्हणून टेस्टोस्टेरॉन घेणं हा वंध्यत्वावरचा उपचार नाही, उलट ते त्याचं कारण आहे.

तुमच्या बाजूने: हिमोग्लोबिन, रक्तगट, टीएसएच, व्हिटॅमिन बी१२, रुबेला आयजीजी (रुबेलाची प्रतिकारशक्ती), रक्तदाब आणि साखर. हिमोग्लोबिनची एचबीए२ तपासणी एकदा कराच. दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील तर ते गर्भधारणेआधी कळणं फार महत्त्वाचं आहे.

साखरेसाठी नुसती उपाशीपोटीची तपासणी पुरत नाही. पीसीओएसमध्ये बऱ्याचदा सकाळची साखर सरळ असते आणि जेवणानंतरची वर जाते. म्हणून ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट करतात. त्यासाठी आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवायचं (मुद्दाम भात सोडायचा नाही), रात्रभर किमान ८ तास उपाशी राहायचं, ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिली पाण्यात घेऊन पाच मिनिटांत प्यायचं आणि दोन तास एका जागी बसायचं. बाजारात चक्कर मारून आलात तर आकडा खाली येतो. दोन तासांनंतर १४० ते १९९ म्हणजे साखर सीमेवर, २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह. एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) रक्तक्षय असलेल्या स्त्रीत फसवं येऊ शकतं, त्यामुळे त्या एकट्यावर भिस्त ठेवू नका.

टप्पा ३: चान्स घेण्याआधीचे तीन महिने

*आधी काय बंद करायचं ते पाहा.* पीसीओएसच्या स्त्रीला त्वचेसाठी, केसांसाठी, वजनासाठी वेगवेगळ्या डॉक्टरांनी औषधं दिलेली असतात आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्याला माहीत नसते. मुरुमांची आयसोट्रेटिनॉइन बाळात गंभीर व्यंग निर्माण करते. ती बंद करून किमान एक महिना उलटेपर्यंत गर्भधारणा टाळायची असते. केसांसाठीची स्पायरोनोलॅक्टोन, फिनास्टेराइड, कोलेस्टेरॉलसाठीची स्टॅटिन, रक्तदाबाच्या काही गोळ्या (नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असलेल्या) आणि फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट, या सगळ्यांबद्दल आधी विचारा. फिट्सची गोळी मात्र स्वतःहून कधीच बंद करू नका, ती बदलून घ्यायची असते. वजनासाठी सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं चालू असतील तर ती गर्भधारणेच्या प्रयत्नाआधी किमान दोन महिने थांबवतात. पाळी नसलेल्या स्त्रीला या इंजेक्शनांनी वजन उतरल्यावर अचानक बीज सुटू लागतं आणि नको त्या वेळी दिवस राहतात, हेही लक्षात असू द्या.

सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. नावं आठवत बसण्यापेक्षा ते बरं.

*फॉलिक अॅसिड:* रोज ४०० मायक्रोग्रॅम, प्रयत्नांच्या किमान एक महिना आधीपासून. आपल्याकडे ५ मिलिग्रॅमची गोळी सर्रास दिली जाते. मधुमेह, बरंच जास्त वजन, फिट्सची औषधं किंवा आधीच्या बाळात मज्जारज्जूचा दोष असेल तर हा मोठा डोस लागतो. टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर सुरू केली तर उशीर झालेला असतो, बाळाची मज्जारज्जूची नळी पहिल्या काही आठवड्यांतच मिटते.

*लस:* रुबेलाची प्रतिकारशक्ती नसेल तर एमएमआर घ्या आणि त्यानंतर एक महिना गर्भधारणा टाळा.

*वजन:* भारतीय शरीरासाठी बीएमआय २३च्या पुढे वजन जास्त आणि २५च्या पुढे लठ्ठपणा धरतात. उद्दिष्ट 'बारीक होणं' हे ठेवू नका. आहे त्या वजनाच्या ५ ते १० टक्के उतरलं तरी बऱ्याच स्त्रियांत बीज आपोआप सुटायला लागतं. ७० किलो असाल तर ते साडेतीन ते सात किलो. आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं (वजन उतरवायचं असेल तर २५०च्या आसपास) आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. स्नायू साखर ओढून घेतात, म्हणून निव्वळ चालण्यावर थांबू नका.

पीसीओएससाठी खास असा एकही आहार सिद्ध झालेला नाही. जो सहा महिने टिकेल तो चांगला. ताटात भात-पोळीचा वाटा कमी करून मोड आलेली उसळ, डाळ, दही, अंडी किंवा मासे आणि भाजी वाढवली तरी बराच फरक पडतो. नाश्त्याला नुसते पोहे खाण्यापेक्षा त्यात शेंगदाणे-मटार घाला, सोबत अंडं किंवा ताक घ्या. उपवासाचं तेवढं बघा: साबुदाणा खिचडी म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च. आठवड्यात दोन उपवास आणि दोन्ही दिवस खिचडी, याला 'कमी खाते' म्हणता येत नाही.

*इशारा:* तुम्ही बारीक असाल तर हा भाग तुमच्यासाठी नाही. सडपातळ स्त्रीलाही पीसीओएस असतो आणि तिने वजन आणखी उतरवलं तर पाळी उलट बिघडते. आणि वय ३५च्या पुढे असेल तर 'आधी दहा किलो कमी करून या' म्हणून वर्ष घालवणं परवडत नाही. वजन आणि उपचार सोबत चालवा.

*मेटफॉर्मिन:* साखर किंवा वजनाचा प्रश्न असेल तर डॉक्टर देतात. सुरुवात ५०० मिलिग्रॅमने, जेवणासोबत किंवा लगेच नंतर, आणि दर एक-दोन आठवड्यांनी थोडं वाढवत दीड ते दोन ग्रॅमपर्यंत. पहिल्या दिवसापासून पूर्ण डोस घेतला की मळमळ, जुलाब होतात आणि गोळी कपाटात जाते. एसआर प्रकारची (हळूहळू विरघळणारी) गोळी सोसते. दीर्घकाळ घेताना बी१२ कमी होतं, शाकाहारी असाल तर वर्षातून एकदा तपासा.

इनोसिटॉलची (साखरेसारख्या एका पूरकाची) पाकिटं आज जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीत असतात. त्यातून फारसा अपाय नाही, पण मूल होण्याच्या बाबतीत पुरावा तोकडा आहे. खिशाला झेपत असेल तर घ्या, पण सहा महिने 'इनोसिटॉलचा कोर्स' म्हणून बाकी उपचार थांबवू नका.

टप्पा ४: बीज सुटतं का, ते तपासा

कॅलेंडरवर पहिला दिवस कोणता, इथेच पहिली चूक होते. नुसते डाग दिसले तो दिवस धरायचा नाही. पॅड लागेल इतका स्राव सुरू झाला तो दिवस पहिला. सोनोग्राफी, गोळ्या, रक्ततपासणी सगळं यावरून मोजलं जातं.

पाळी २५ ते ३५ दिवसांत स्वतःहून येत असेल तर काही महिने घरी बघता येतं:

- *प्रोजेस्टेरॉनची रक्ततपासणी.* हिला सगळे '२१व्या दिवसाची तपासणी' म्हणतात आणि ३५ दिवसांचं चक्र असलेली स्त्रीही २१व्या दिवशी जाऊन येते. मग रिपोर्ट कमी येतो आणि घरात रडारड. ही तपासणी पुढच्या पाळीच्या ७ दिवस आधी करायची असते, म्हणजे ३५ दिवसांच्या चक्रात २८व्या दिवशी. ३ नॅनोग्रॅमच्या वर म्हणजे बीज सुटलं. प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल चालू असतील तर हा आकडा निरुपयोगी.
- *ओव्ह्युलेशन किट.* हे लघवीतला एलएच (बीज सुटण्याआधी वाढणारं संप्रेरक) मोजतं. पीसीओएसमध्ये बऱ्याचजणींचा एलएच मुळातच वर असतो, त्यामुळे किट चार-चार दिवस पॉझिटिव्ह दाखवतं आणि बीज सुटतच नाही. एकट्या किटवर विसंबू नका.
- *स्राव.* अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, ताणला जाणारा स्राव म्हणजे सुपीक दिवस जवळ आले. पीसीओएसमध्ये असा स्राव येतो, जातो, पुन्हा येतो. मोबाइलमधलं अॅप तर मागच्या तारखांची सरासरी काढतं, तुमच्या अंडाशयात काय चाललंय ते त्याला दिसत नाही.

*तपासून घ्या:* वय ३५च्या आत असेल तर एक वर्ष आणि ३५च्या पुढे सहा महिने प्रयत्न करून मग डॉक्टरांकडे जावं, हा नियम पाळी नियमित असणाऱ्यांसाठी आहे. वर्षाला चार पाळ्या येणारीने वर्षभर वाट पाहणं म्हणजे फार तर चार संधी. तुम्ही आजच जा.

प्रयत्न लांबणीवर असोत किंवा नसोत, तीन महिन्यांत एकदाही रक्तस्राव झाला नाही तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट करा आणि मग डॉक्टरांकडून पाळी आणायची गोळी घ्या. अस्तर वर्षानुवर्षं साचू दिलं तर त्यात पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. टेस्ट न करता गोळी घेणं ही नेहमीची घोडचूक. पीसीओएसमध्ये कधीतरी आपोआपही दिवस राहतात.

टप्पा ५: गोळ्यांचं चक्र, दिवसागणिक

बीज सुटत नसेल तर पहिलं औषध लेट्रोझोल. पाकिटातला कागद वाचून अनेकजणी घाबरतात, कारण त्यावर स्तनाच्या कर्करोगाचं औषध असं लिहिलेलं असतं. भारतात वंध्यत्वासाठी त्याच्यावर २०११ साली बंदी आली होती, ती २०१७ साली उठली. इंटरनेटवरचे जुने लेख तिथेच अडकलेत. हे औषध चक्राच्या सुरुवातीला घेतात आणि गर्भ रुजेपर्यंत ते शरीरातून बाहेर पडलेलं असतं. अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पाच चक्रांपर्यंत, लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी २७.५ टक्के आणि क्लोमिफेन (बीज सोडवण्याचं जुनं औषध) घेतलेल्यांपैकी १९.१ टक्के स्त्रियांना मूल झालं. क्लोमिफेनने काहींचं अस्तरही पातळ राहतं.

पाळीचा २रा-३रा दिवस. प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह असल्याची खात्री. विशेषतः पाळी नेहमीपेक्षा कमी आली असेल तर. डॉक्टर बहुधा एक सोनोग्राफी करून आधीची मोठी सिस्ट राहिलेली नाही ना ते बघतात.

३रा ते ७वा दिवस. लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम, रोज एकाच वेळी, पाच दिवस. काही डॉक्टर दुसऱ्या दिवसापासून देतात. डोकं दुखणं, गरम वाफा, थकवा येऊ शकतो.

१०वा-११वा दिवस. फॉलिक्युलर स्टडीची सोनोग्राफी सुरू. मोठा झालेला फॉलिकल रोज साधारण २ मिलिमीटर वाढतो, त्यावरून पुढची तारीख ठरते. पीसीओएसमध्ये फॉलिकल उशिरा उठतो. १२व्या दिवशी 'काहीच नाही' म्हटलं म्हणून सोडून देऊ नका, १६व्या-१८व्या दिवशीही तो तयार होतो.

फॉलिकल १८ ते २० मिलिमीटरच्या पुढे. अस्तर ७ मिलिमीटर किंवा जास्त आणि तीन थरांचं दिसलं तर चांगलं. इथे काहीजणींना एचसीजीचं (बीज सोडवणारं) इंजेक्शन देतात. त्यानंतर साधारण ३६ तासांनी बीज सुटतं. इंजेक्शनची वेळ तासासकट लिहून ठेवा.

संबंध कधी. शुक्रजंतू आत पाच दिवसांपर्यंत जगतात, बीज सुटल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. म्हणजे शुक्रजंतू आधीच जाऊन थांबलेले हवेत. 'एग फुटलं' असा रिपोर्ट आल्यावर त्या रात्रीची वेळ साधणं म्हणजे गाडी गेल्यावर स्टेशनवर पोचणं. फॉलिकल १६ मिलिमीटरचा झाला की एक दिवसाआड किंवा रोज, आणि बीज सुटेपर्यंत. नेहमीचं लुब्रिकंट, तेल, थुंकी टाळा. नंतर पाय वर करून अर्धा तास पडून राहण्याने काही वाढत नाही. डॉक्टरांनी नेमून दिलेल्या एका रात्रीचं दडपण येऊन नवऱ्याला जमत नाही, हेही सर्रास घडतं. तारखेऐवजी चार-पाच दिवसांचा टप्पा ठरवला की तो ताण बराच उतरतो.

बीज सुटल्यावर. पुन्हा एक सोनोग्राफी, किंवा सात दिवसांनी प्रोजेस्टेरॉन. हाच तो पुरावा. तो नसेल तर त्या चक्राला 'फेल गेलं' म्हणता येत नाही, कारण संधीच मिळालेली नव्हती.

१४ ते १६ दिवसांनी टेस्ट. एचसीजी इंजेक्शन घेतलं असेल तर त्याआधी घरची टेस्ट करू नका. घरची टेस्ट एचसीजीच शोधते, त्यामुळे इंजेक्शनचंच एचसीजी लघवीत उतरतं आणि खोटी दुसरी रेघ दिसते. प्रोजेस्टेरॉन चालू असेल तर पाळी लांबू शकते, म्हणून पाळी आली नाही म्हणजे दिवस गेले असं धरू नका आणि टेस्ट न करता गोळी थांबवूही नका.

*इशारा:* तीन किंवा जास्त फॉलिकल मोठे झाले तर ते चक्र सोडून द्यावं लागतं आणि कंडोम वापरावा लागतो. एका वेळी जास्त बीजं म्हणजे जास्त यश, असं इथे नसतं. जुळी-तिळी गर्भधारणा आईला आणि बाळांना दोघांनाही जोखमीची. म्हणूनच सोनोग्राफीशिवाय, नुसत्या फोनवर सांगितलेल्या गोळ्या घेऊ नका.

२.५ मिलिग्रॅमने बीज सुटलं नाही तर पुढे ५, मग ७.५. बीज सुटलं पण दिवस राहिले नाहीत तर डोस वाढवायचा नाही, आहे तोच ठेवायचा. या ठिकाणी बरीच गल्लत होते. औषधाचं काम बीज सोडवण्याचं होतं आणि ते त्याने केलं. डोस वाढवून गर्भ रुजत नाही.

प्रत्येक चक्राची एका ओळीची नोंद ठेवा: डोस, सर्वांत मोठ्या फॉलिकलचा आकार आणि दिवस, अस्तर, इंजेक्शनची वेळ, संबंधांच्या तारखा, प्रोजेस्टेरॉन. डॉक्टर बदलावे लागले तर ही सहा ओळींची वही जाडजूड फायलीपेक्षा उपयोगी पडते आणि नवा डॉक्टर पुन्हा पहिल्या पायरीवरून सुरुवात करत नाही.

टप्पा ६: सहा चक्रांनंतर वाट बदला

आता दोन वेगळ्या वाटा आहेत.

*बीज सुटतंय, पण दिवस राहत नाहीत.* अडचण बीजापलीकडे शोधायची. त्यासाठी सहा चक्रं थांबायचं नाही, साधारण तीन चांगल्या चक्रांनंतर ट्यूब (गर्भनलिका) तपासा. तुम्हाला किंवा घरात टीबी झाला असेल, अपेंडिक्स फुटलं असेल, ओटीपोटाचं इन्फेक्शन किंवा ट्यूबमधली गर्भधारणा झाली असेल तर थांबू नका, गोळ्या सुरू करण्याआधीच तपासा. एचएसजी (ट्यूबमध्ये औषध सोडून काढलेला एक्स-रे) पाळी थांबल्यावर, साधारण ७व्या ते १०व्या दिवसात करतात. पाळीपासून त्या दिवसापर्यंत संबंध नकोत. तासभर आधी दुखणं कमी करणारी गोळी घ्या, आणि घरी परतताना सोबत कुणीतरी असू द्या.

भारतात ट्यूब बंद होण्यामागे जननमार्गाचा टीबी हे मोठं कारण आहे, आणि तो खोकल्याशिवाय, तापाशिवाय असतो. पण नुसत्या एका पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टवर सहा महिन्यांची टीबीची औषधं सुरू होत असतील तर आधी दुसरं मत घ्या.

वीर्य तपासणी चांगली असेल तर सुरुवातीच्या चक्रांत आययूआयची (धुतलेलं वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याची) गरज असतेच असं नाही.

*७.५ मिलिग्रॅमनेही बीज सुटत नाही.* मग गोनॅडोट्रॉपिनची (फॉलिकल वाढवणाऱ्या संप्रेरकांची) इंजेक्शनं, ३७.५ ते ७५ युनिट इतक्या कमी डोसने आणि सावकाश वाढवत. पीसीओएसचं अंडाशय कमी डोसला ढिम्म राहतं आणि थोडा वाढवला की एकदम दहा फॉलिकल उठवतं. म्हणून इथे दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी लागते. ती जिथे शक्य नाही तिथे हे उपचार घेऊ नका. दुसरा पर्याय दुर्बिणीतून अंडाशयाला विजेच्या सुया लावण्याचा. त्यात जुळ्यांचा धोका वाढत नाही, पण जास्त ठिकाणी जाळलं तर बीजांचा साठा कायमचा घटतो. नुसती पाळी नियमित करण्यासाठी किंवा 'गाठी काढण्यासाठी' हे ऑपरेशन सुचवलं तर नकार द्या.

टप्पा ७: आयव्हीएफला जाताना काय विचारायचं

ट्यूब बंद असतील, वीर्यात मोठा दोष असेल किंवा वरचं सगळं करून झालं असेल तर आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी). क्लिनिक २०२१च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याखाली नोंदलेलं आहे का ते पाहा, प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असतं.

पीसीओएसमध्ये इथे खरा धोका अंडाशय अतिउत्तेजित होण्याचा आहे, ज्याला ओएचएसएस म्हणतात. म्हणून तीनच प्रश्न विचारा: अँटॅगोनिस्ट पद्धत (बीज वेळेआधी सुटू न देणारी इंजेक्शनं) वापरणार का? बीजं फार झाली तर शेवटचं इंजेक्शन एचसीजीऐवजी अॅगोनिस्टचं देणार का? आणि अशा वेळी सगळे गर्भ गोठवून पुढच्या महिन्यांत ठेवणार का? तिन्हींना 'हो' असेल तर धोका बराच कमी होतो. 'तुम्हाला तर तीस बीजं मिळतील' असं कौतुकाने सांगणाऱ्यापेक्षा हे प्रश्न आपणहून मांडणारा डॉक्टर निवडा.

*इशारा:* इंजेक्शननंतर किंवा बीजं काढल्यावर पोट फुगत जाणं, दिवसात किलोभर वजन वाढणं, लघवी कमी होणं, सतत उलट्या, दम लागणं, पोटरी सुजून दुखणं. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

टप्पा ८: टेस्ट पॉझिटिव्ह आल्यानंतर

मेटफॉर्मिन किंवा प्रोजेस्टेरॉन स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारून ठरवा. फॉलिक अॅसिड चालू ठेवा. सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करा, गर्भ गर्भाशयातच आहे आणि एकच आहे का हे तेव्हा कळतं. पाळी अनियमित असल्याने शेवटच्या पाळीवरून काढलेले आठवडे चुकतात. 'सहा आठवडे झाले तरी ठोके नाहीत' असं सांगितलं तर घाईने गोळ्या घेऊन गर्भ पाडू नका. बीज कधी सुटलं याची नोंद दाखवा आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करून घ्या. मात्र एका बाजूला तीव्र दुखणं, चक्कर किंवा रक्तस्राव असेल तर लगेच जा.

पीसीओएसमध्ये गरोदरपणातला मधुमेह आणि रक्तदाब जास्त आढळतो. ग्लुकोजची तपासणी पहिल्याच भेटीत करा. नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायची असते, आणि पहिली चांगली आली म्हणून दुसरी नेमकी हीच चुकते. प्रत्येक भेटीत रक्तदाब मोजून घ्या. गरोदरपणात मधुमेह झाला असेल तर बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅमची तपासणी पुन्हा एकदा करा.

आणि बाळंतपणानंतर 'मला तर एवढ्या उपचारांनी दिवस राहिले, मला काय गरज' म्हणून गर्भनिरोधन सोडू नका. अंगावर पाजत असताना पहिली पाळी येण्याच्या दोन आठवडे आधीच बीज सुटलेलं असू शकतं.